मानशीचं दार आणि एक प्रश्न

कॉलेजमधले नवे सहकारी हल्ली विचारतात, मॅडम, अमेरिकेच्या फुलब्राइट फेलोशिपचा फॉर्म भरायचाय, प्रपोजलमध्ये काय लिहू? मी सांगते, घरामागं जे आहे ते लिहा. मी तेच लिहिलं होतं, खाजन, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती. माझं आजोळ गोव्यातल्या आडपईचं, लहानपणी मामाबरोबर बांधावरून मानशीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत, जायचे, तिची लाकडी दारं भरतीच्या पाण्यानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात, मोटर नाही की वीज नाही, पुढं बॉटनी शिकले तरी डोक्यातून ते कधी गेलं नाही. आपल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले तेही स्वतःची पाली भाषा घेऊनच, विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी.

फुलब्राइटचा भारत-अमेरिका करार १९५० सालचा. २००८ मध्ये नवा करार झाला, दोन्ही सरकारं बरोबरीनं खर्च उचलायला लागली आणि नावात नेहरू आलं. मला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीजवळचं एक विद्यापीठ मिळालं, निम्मा वेळ शिकवणं, निम्मा रिसर्च. इकडे माझे तास दोघा सहकाऱ्यांनी वाटून घेतले, त्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत आणि कुठल्या रिपोर्टात त्यांचं नाव आलं नाही, हे मला अजून टोचतं.

तिथं खाडीच्या दक्षिण टोकाला मिठागरं होती. २००३ मध्ये सरकारनं १५,००० एकरांहून जास्त विकत घेतली आणि आता टप्प्याटप्प्यानं तिथले बांध मुद्दाम फोडतात, भरतीचं पाणी आत येतं, गाळ साचतो, खारं गवत रुजतं, पक्षी परततात. मी वर्गात मानशीचं चित्र काढून तासभर बोलले, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बांध राखायला एवढा त्रास आहे तर तुम्हीपण फोडून का टाकत नाही, कांदळवन येईल ना? मी भात म्हटलं, मासळी म्हटलं. तिनं विचारलं, आता किती जण शेती करतात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच महिन्यात मामाचा फोन आला, माझी मध्यरात्र, त्याची दुपार. बाय, बांध फुटला गो. मासळीसाठी मानशीची दारं नको तेव्हा उघडी ठेवली की पाण्याचा वेग वाढतो, बांधाचा पाया खचतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, तरी पावणीत, म्हणजे मानशीतल्या मासळीच्या लिलावात, पैसा असतो म्हणून चालतं. त्या रात्री मी झोपले नाही.

पुढच्या तासाला त्या मुलीला सांगितलं की तुमच्या मिठागरात माणसं राहत नव्हती, आमची खाजनं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत आणि त्यांच्या काठाला घरं आहेत, विहिरी आहेत. बांध गेला की खारं पाणी विहिरीत येतं. पडीक खाजनात कांदळ येतंच आहे, आणि एकदा वाढलं की परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणजे शेतकऱ्याला परत फिरायची वाट उरत नाही. ती म्हणाली, मग कुठलं खाजन राखायचं आणि कुठलं सोडायचं हे कोण ठरवतं? आज माझा सगळा रिसर्च या एका प्रश्नावर उभा आहे.

या फेलोशिपच्या व्हिसाला एक अट असते, परतून दोन वर्षं देशात राहिल्याशिवाय तिकडचा नोकरीचा किंवा कायम राहायचा व्हिसा मिळत नाही. बरेच जण या अटीवर चिडतात. मला ती योग्य वाटते, कारण माझं खरं काम परत आल्यावर सुरू झालं.

बांध गावानं माती-दगड घालून बुजवला. आता दर महिन्याला टीवायची, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाची, मुलं घेऊन मी तिथं जाते, पाण्यातला खारेपणा मोजतो, कुठल्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, कोण अजून कोरगूट हे खाऱ्या जमिनीत येणारं भात पेरतं ते लिहितो. जूनच्या पहिल्या पावसानंतर गेलो तेव्हा मामानं ओंजळीतलं पाणी जिभेला लावलं आणि म्हणाला, अजून आठ दिवस थांबा, मग पेरू. मुलांनी मीटर बुडवला. मीटरवरही आकडा अजून चढाच होता.