तिसरी ओळ

आज लोकलमध्ये रडले. अंधेरी ते दादर, भरलेल्या लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून. समोरच्या मावशींनी बाटली पुढे केली आणि हळूच विचारलं, "घरी बरंय ना गं सगळं?" मी नुसती मान हलवली. काय सांगणार? मोबाइलवर एक परकी बाई गायली म्हणून?

सुझन बॉईलचा तो जुना व्हिडिओ. ११ एप्रिल २००९ ला 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या स्पर्धेत टीव्हीवर दाखवला होता. स्कॉटलंडच्या एका लहान गावातली बाई, वय ४७, आयुष्यभर आईजवळ राहिलेली, आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. स्टेजवर येऊन सांगते की मला गायिका व्हायचंय. परीक्षक भुवया उंचावतात, लोक हसतात. मग ती गायला लागते आणि पहिल्या ओळीलाच अख्खं थिएटर उठून उभं राहतं. परीक्षकांचे चेहरे बदलतात आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. त्या वेळी ऑफिसात एका कॉम्प्युटरभोवती आम्ही सात-आठ जणी अशाच रडलो होतो. आता मीही त्याच वयाला आले. माझी पेटी माळ्यावर आहे. ते जाऊ दे.

आज मात्र मला सुझनच्या आधी दुसरीच कुणीतरी दिसली. सुरुवातीला कॅमेरा क्षणभर प्रेक्षकांवर जातो, तिथे एक तरुण मुलगी डोळे फिरवते. एखादा सेकंद असेल. मी तो तुकडा मागे नेऊन चार वेळा पाहिला. आणि मग जे रडू आलं ते गाण्यामुळे नव्हतं.

परवा पिंकीच्या केळवणाला माईंनी गायला सुरुवात केली. कुणी म्हटलं नव्हतं. उखाणे चालले होते, हशा होता, त्यात त्यांनी डोळे मिटून जात्यावरची ओवी धरली. आवाज कापरा, पण सूर जागच्या जागी. पिंकीच्या मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातल्या एकीने माझ्याकडे पाहिलं आणि मी, मीसुद्धा, तशीच तिच्याकडे पाहिलं. दोन ओळी झाल्या होत्या. मी म्हणाले, "माई, अहो, पानं वाढलीत, पुऱ्या गार होतायत."

पुऱ्या अजून तळायच्या होत्या.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. सुझनसाठी मी रडते, मग माईंचं मला ऐकूच का आलं नाही? तिथे लोक उभे राहतात, परीक्षकांचे डोळे भरतात, म्हणजे आता रडायचं हे मला कळतं. घरात कोण उभं राहणार? पाटावर बसलेल्या बायका आणि पंख्याची घरघर. माझं रडू दुसऱ्याच्या टाळ्यांची वाट बघत बसतं, असं काहीतरी आहे हे. की आधी हसलेलं असतं, त्याचंच ते पाणी होतं?

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या 'लिटिल चॅम्प्स'ची महाअंतिम फेरी झाली. कार्तिकी जिंकली तेव्हा आमच्या चाळीत दिवाळी होती. माईंनी मतांचे एसएमएस माझ्याकडून पाठवून घेतले होते, एकेका मुलासाठी जीव टाकत होत्या. 'पोरीचा गळा बघ, आळंदीची आहे' म्हणत पदर डोळ्यांना लावला होता. त्यांना कुणी उभं राहायची गरज पडली नव्हती.

आणि सुझनचं पुढे काय झालं तेही आठवलं. ३० मेला अंतिम फेरीत ती दुसरी आली. दुसऱ्याच दिवशी पार थकून गेलेल्या अवस्थेत तिला क्लिनिकमध्ये न्यावं लागलं. तोवर पेपरवाल्यांनी तिच्या रागाच्या, बडबडीच्या बातम्या रंगवून झाल्या होत्या. एप्रिलच्या त्या रडण्याला सात आठवडे झाले होते. फक्त सात. नोव्हेंबरात तिचा पहिला अल्बम आला, ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेला. बरं वाटलं वाचून. पण त्या सात आठवड्यांचं काय?

सकाळपासून स्वतःची कीव येत होती. संध्याकाळी कांदिवलीला उतरून भाजी घेताना ती ओसरली. मी लोकांकडे बघून उभी राहणारी बाई आहे. आहे खरी. या वयात ते एका दिवसात जाणार नाही.

घरी आले तर माई मेथी निवडत बसल्या होत्या. गात नव्हत्या. मी चप्पल काढता काढता विचारलं, "माई, परवाच्या ओवीचं पुढे काय होतं?"

"कुठली गं?"

मला दोनच ओळी येत होत्या. त्या मी नुसत्या बोलून दाखवल्या, चाल जमेना. तिसरी मला ठाऊकच नव्हती, तिथेच तर मी थांबवलं होतं.

"आठवत नाही बाई आता," म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या. पण निवडलेल्या पानांत काड्या पडायला लागल्या होत्या. माईंच्या मेथीत काडी, मी कधी पाहिली नव्हती.

मी हात धुऊन शेजारी बसले आणि पानांतल्या काड्या काढत राहिले.