मामीने खरं सांगितलं आणि क्लेम अडकला

मामांच्या बायपासचं बिल आणि विमा कंपनीचं क्लेम नाकारल्याचं पत्र, दोन्ही मामीने एकाच पिशवीत ठेवलंय. कारण एका ओळीत दिलंय, प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या फॉर्ममध्ये, डायबेटिस लपवला. कंपनीला कळलं कुठून? तर डिस्चार्ज कार्डवरून, त्यात हिस्ट्रीमध्ये लिहिलंय की पेशंटला आठ वर्षांपासून शुगर आहे, आणि ते सांगितलं होतं मामीनेच, अ‍ॅडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं म्हणून.

मग मी पॉलिसीला जोडलेली फॉर्मची कॉपी काढून बघितली. आजारांच्या सगळ्या प्रश्नांपुढे "नाही"वर टिक, वरून खालपर्यंत एका दमात मारलेल्या, आणि अक्षर मामांचं नाहीच. एजंट म्हणाला होता की गोळी चालू आहे ना, शुगर कंट्रोलमध्ये आहे ना, मग लिहायची गरज नाही, उगाच टेस्ट कराव्या लागतील नि प्रीमियम वाढेल. मामांनी न वाचता खाली सही केली. सही त्यांची म्हणजे उत्तरंही त्यांचीच धरली जातात, आणि मला याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

विमा घेणाऱ्याने आपणहून सगळं खरं सांगायचं, हा नियम जुना आहे. १७६६ मध्ये इंग्लंडात कार्टर विरुद्ध बोहम खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सांगितलं की जोखमीची माहिती बहुतेक वेळा फक्त विमा घेणाऱ्याकडे असते, कंपनी त्याच्या शब्दावर विसंबते. पुढे २०१२ मध्ये तिथेच सामान्य ग्राहकांसाठी कायदा बदलला, आता आपणहून सगळं सांगत बसायची सक्ती नाही पण विचारलेल्या प्रश्नाला काळजीपूर्वक खरं उत्तर द्यावंच लागतं, आणि चुकून राहिलेलं नि मुद्दाम लपवलेलं यात फरक करतात. हे मला न्यायाचं वाटतं. सगळीकडे असं नाही.

अजून एक, लपवली शुगर आणि मोडला पाय, तरी क्लेम अडकू शकतो, कारण बऱ्याच ठिकाणी बघतात ते एवढंच की हे आधी माहीत असतं तर कंपनीने पॉलिसी दिली असती का आणि किती प्रीमियमला.

तुमच्या फॉर्मची कॉपी आजच काढा, काही चुकीचं दिसलं तर क्लेमची वेळ यायच्या आधी कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. प्रीमियम वाढेल, वाढू दे.

मामी अजून म्हणते, मी डॉक्टरांना सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं. मी तिला दरवेळी तो टिकांचा कागद काढून दाखवतो.