लेकीचे १२० तास, आबा आणि गोलबर्नचा मेंढा

इथे ऑस्ट्रेलियात, न्यू साऊथ वेल्स राज्यामध्ये २५ वर्षांच्या आतल्या मुलांना पी लायसन्सची, म्हणजे एकट्याने गाडी चालवायच्या पहिल्या लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट द्यायची तर आधी १२० तास गाडी चालवल्याची नोंद लागते, त्यातले २० रात्रीचे. प्रत्येक फेरीचं किलोमीटर रीडिंग, वेळ, रस्ता सगळं लॉगबुकात भरायचं आणि शेजारी बसणाऱ्याने सही करायची. इन्स्ट्रक्टरसोबतचा १ तास ३ तास धरतात पण ते फक्त १० तासांपर्यंत, बाकी सगळं आईबापावर.

लेकीचे ६४ तास झाले होते ते सगळे सिडनीतल्या आमच्या वेस्टमीडच्या आसपासचे, स्टेशन, दुकान, ट्युशन. हायवेचं नाव काढलं की चावी माझ्या हातात. एल प्लेटवाल्याला, म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरला, ९० च्या वर जाता येत नाही आणि ह्यूम हायवेवर बाकीच्या गाड्या ११० ने जातात, त्यामुळे मागे मोठा ट्रक दिसला की पोरीचे खांदे कानाला लागायचे. पण जूनमध्ये माण तालुक्यातून माझे वडील आले होते, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो, त्यांनी उभा जन्म मेंढरं राखली आणि त्यांना गोलबर्न गावातला मेंढ्याचा भलामोठा पुतळा दाखवायचाच असं माझ्या मनात होतं, म्हणून एका शनिवारी लेकीला म्हणलं आज तू ने आबांना.

पहिला अर्धा तास वाईट गेला. एक ट्रक मागे चिकटला तशी ती रडकुंडीला आली, मी काही बोलणार एवढ्यात मागून आबा म्हणाले, "बाय, मेंढरं घिऊन डांबरीनं चाललं की मागं ट्रक भोंगा मारतोच. म्हणून मेंढरं पळवायची न्हाईत. कडंनं आपल्या चालीनं न्यायची, ज्याला घाई हाय तो जाईल पुढं." ट्रक खरंच बाजूने पुढे गेला. वाटेतलं मिटागाँग गाव आलं तोवर तिचे खांदे खाली आले होते. मी कितीदा तरी हेच सांगितलं होतं पण माझ्या आवाजात माझीच भीती असायची.

तर मेंढा. काँक्रीटचा, १५ मीटर उंच, १८ मीटर लांब, ९७ टन वजन, १९८५ साली उभा केला. हा भाग लोकरीवर मोठा झालेला, मेरिनो जातीची मेंढरं या देशात १७९७ मध्ये आली आणि पुढे कितीतरी वर्षं देशाचा पैसा लोकरीतून यायचा, त्याची ही आठवण. आबा लगेच आत गेले नाहीत. हात मागे बांधून पूर्ण फेरी मारली, बाजारात जनावर बघतात तशी. मागून बघून म्हणाले पैदाशीचा हाय. ते बरोबरच, जवळच्या एका फार्मवरच्या पैदाशीच्या नरावरूनच तो बनवलाय. मग मानेच्या वळ्यांकडे बघत राहिले. मेरिनोच्या गळ्याला कातडीच्या जाड घड्या असतात, त्या पुतळ्यातही आहेत. "कातडं जास्त म्हंजी लोकर जास्त. पण ह्या वळीत घाम मुरनार, माशी बसनार, किडं पडनार. लई जपावं लागत आसंल." मी घरी येऊन वाचलं, इथल्या मेंढपाळांची एक मोठी डोकेदुखी हीच, माशी आणि किडे. पुतळा बघून ओळखलं माणसाने.

१९९२ मध्ये हायवे गावाबाहेरून गेला आणि येणारे कमी झाले म्हणून २००७ ला अख्खा मेंढा ८०० मीटर हलवून नव्या रस्त्याजवळ आणला. हे ऐकून आबांना जराही नवल वाटलं नाही. "चारा जिकडं तिकडं वाडा." दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडणाऱ्याला यात काय नवल.

पोटात दुकान आहे. तिथली मेरिनोची शाल त्यांनी गालाला लावली, लई मऊ म्हणाले, "पर ह्यात पाऊस न्हाई थांबायचा." आपली घोंगडी चिंचोक्याची खळ लावून विणलेली, ती टोचते पण पावसात उभं राहता येतं.

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. गावाकडे शेतात मेंढरं बसवायला, खतासाठी आवर्जून बोलावतात आणि तोच कळप चुकून बांधावर चढला की माझ्या बापाने शिव्या खाल्लेल्या मी लहानपणी ऐकल्यात. इथे त्याच जनावराला लोकांनी हमरस्त्यावर एवढं उंच उभं केलंय आणि शाळेतली पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात. मी आबांचा फोटो काढला तर त्यांनी डोक्यावरचं मुंडासं आधी सारखं केलं.

निघताना अंधार पडला, इथे जूनमध्ये हिवाळा, पाचलाच पडतो. लेक स्वतःहून ड्रायव्हर सीटवर बसली. घरी पोचल्यावर तिने लॉगबुक भरलं, रात्रीचे २ तास २५ मिनिटं. मी सही केली तर म्हणाली आबांची पण घेऊ ना. चालत नाही तशी, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर घेतली.