ओट्यावरची रांग

रात्री पाणी प्यायला उठलो, दिवा लावला, तर ओट्यावर मुंग्यांची रांग. साखरेच्या डब्यापासून थेट नळामागच्या फटीपर्यंत. डोकं काळं, मागचा भाग इतका फिकट, की पांढऱ्या टाइलवर नुसते ठिपके चालल्यासारखे वाटावेत. मी झोपेतच फवारा मारला. सकाळी रांगा तीन! एक तर चक्क स्विचबोर्डातून निघालेली.

या जातीच्या बिऱ्हाडात राणी एकटी नसते, अनेक असतात. हल्ला झाला की पिल्लं उचलून बिऱ्हाड फुटतं आणि जागोजागी नवे संसार मांडले जातात. म्हणजे फवाऱ्याने मी त्यांच्या वाटण्या करून दिल्या होत्या.

आईचं मुंगीशास्त्र सोपं आहे. लाल चावते, तिला हळद. काळी सैरावैरा पळते, तिला 'राहू दे गं बाई'. लाडवांचा डबा पाण्याच्या ताटलीत. हे मीही करतो, पण पाणी बदलायला विसरतो. तिसऱ्या दिवशी त्यावर पिठा-धुळीची साय धरते आणि मंडळी त्या सायीवरून पलीकडे.

शेवटी कपभर कोमट पाण्यात अर्धा कप साखर आणि छोटा सपाट चमचाभर बोरिक पावडर विरघळवली, कापूस बुडवून मुलांचा हात पोचणार नाही असा फटीशी ठेवला. बोरिक जास्त पडलं तर मुंगी वाटेतच मरते. बेताचं असलं तर ती ते पोटातून घरी नेते आणि राण्या-पिल्लांना भरवते. पहिल्या संध्याकाळी कापूस दिसेना इतकी गर्दी. "पाळायला घेतल्यात का?" बायकोने विचारलं. बघत बसण्यासारखं अवघड काम नाही. पाचव्या दिवशी ओटा मोकळा झाला, तेव्हा साबणाच्या फडक्याने पुसला. त्यांच्या वाटेचा वासही गेला.

बाल्कनीतल्या जास्वंदीवरच्या डोंगळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना घरात यायचंच नव्हतं. फांदीच्या बेचक्यात पिठ्या ढेकणांचा, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या किडीचा, पांढरा कापूस साचलेला. वाकून पाहिलं, तर एक डोंगळा मिशांनी त्या कापसाला हलकेच थोपटत होता. थोड्या वेळाने चकचकीत थेंब आला, त्याने तो चाटला आणि पुढच्याकडे गेला. धार काढणंच ते. बदल्यात ढेकूण खायला आलेल्या किड्यांना हे गुराखी हुसकावतात, म्हणून झाडावर मित्रकिडे आले तरी कापूस सहजी हटत नाही.

मी साबणाचं पाणी जोरात मारून तो धुऊन काढला, दर चार दिवसांनी, तीनदा. मग डोंगळे दिवसभर रिकाम्या फांदीवर वरखाली करत राहिले.

संध्याकाळी आई चिमूटभर साखर घेऊन कुंडीपाशी वाकलेली दिसली.

"अगं, हे काय?"

"गोठा रिकामा केलास ना त्यांचा," ती म्हणाली. "आजच्यापुरती."