वयाचा निर्णय ०.२ मिलिमीटरवर

राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात एका संध्याकाळी मी जुन्या ओपीजी (दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या) एक्स-रेवर खालच्या डाव्या अक्कलदाढेचे मोजमाप घेत होते. दोन मुळांच्या उघड्या टोकांची आतली रुंदी ०.८ आणि ०.७ मि.मी., दाढेची लांबी २० मि.मी.; भागाकार ०.०७५. वाढत्या वयाबरोबर मिटत जाणाऱ्या मुळांवरून वय ठरवण्याच्या, कामेरिएरे यांच्या २००८ मधील पद्धतीनुसार हा आकडा ०.०८ पेक्षा कमी असेल, तर व्यक्तीने १८ वर्षे पूर्ण केली असे धरतात. पंधरा दिवसांनी, आधीची नोंद न पाहता, मी तीच दाढ पुन्हा मोजली. रुंदींची बेरीज १.७ आली, भागाकार ०.०८५ झाला आणि कागदावर तीच व्यक्ती अल्पवयीन ठरली.

एक्स-रेत प्रतिमा मोठी दिसते, पण रुंदी आणि लांबी दोन्ही त्याच प्रतिमेवर मोजल्याने ती वाढ भागाकारात बरीचशी निघून जाते. मुळाच्या टोकाशी मात्र कडा पुसट होते, त्यातच जबड्यातल्या नसेच्या नलिकेची सावली मिसळते, आणि कर्सर नेमका कुठे टेकवायचा हे अखेर मोजणाऱ्याच्या नजरेवर राहते. शाहूपुरीतली माझी वर्गमैत्रीण तो दर वेळी किंचित बाहेर टेकवते. तिची दोन्ही मापे एकमेकांशी तंतोतंत जुळतात, माझ्याशी जुळत नाहीत.

म्हणूनच नुसता 'आयसीसी (मापे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) उत्तम आला' या वाक्याने माझे समाधान होत नाही. बारा वर्षांच्या मुलाची सताड उघडी मुळे आणि तेविशीतली पूर्ण मिटलेली मुळे एकाच नमुन्यात घेतली, की मोजणाऱ्यांचे एकमत सहज दिसते. वाद असतो तो ०.०८ च्या आसपासच्या दाढांचा. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये सुचवल्याप्रमाणे दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडला, तर त्या पट्ट्यातली चूक डोळ्यांना दिसते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार शाळेचा दाखला आणि जन्माचा दाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणीकडे वळायचे असते. म्हणजे जिच्यापाशी दुसरा कोणताही पुरावा नाही, अशा मुलीचे वय आपल्या कर्सरवर येऊन थांबते. आता मी अहवालात माझी दोन्ही मापे लिहिते, आणि भागाकार उंबरठ्याजवळ आला तर पहिले आकडे न सांगता एक्स-रे शाहूपुरीला पाठवते.