खोकं कपाटात, इमेज कामाला

जुनं सॉफ्टवेअर मूळ खोक्यासकट जमवावं की डिजिटल प्रतीवर भागवावं, हे ठरवताना मुंबईत पावसाळा धरूनच हिशोब करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते. फ्लॉपीच्या चकतीवरचा चुंबकीय थर ज्या बाइंडरने धरून ठेवलेला असतो, तो ओलाव्याने कमकुवत होतो आणि वर बुरशी चढते. म्हणून आधी इमेज, म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी डिजिटल प्रत, काढायची, मग खोकं जपायचं. आणि रोज वापरायची ती इमेजच. मूळ फ्लॉपी वर्षानुवर्षं ड्राइव्हमध्ये घालत राहिलात तर एक दिवस नुसतं खोकंच उरेल.

लॅमिंग्टन रोडला, चोर बाजारात किंवा रद्दीवाल्याकडे खोकं हाती आलं की वरच्या चित्राला भुलू नका, आधी फ्लॉपी बघा. साडेतीन इंचीची धातूची झडप सरकवा, मागचं चक्र बोटाने हळूहळू फिरवा आणि पूर्ण फेरा उजेडात तिरका धरून पाहा. चकती सगळीकडे एकसारखी गडद हवी. पांढुरके ठिपके किंवा जाळीसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की चकती वाचणारं हेड बुरशी खरवडतं, तिच्यासोबत थरही निघतो आणि गोल ओरखडा उमटतो. त्या ट्रॅकवरचा, म्हणजे चकतीवरच्या त्या गोल पट्ट्यावरचा, डेटा मग परत येत नाही. शिवाय हेडला चिकटलेली घाण पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरबाडते.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड घ्या. सव्वापाच इंचीच्या जाकिटाची एक कड पातळ पात्याने उघडून चकती बाहेर काढा, दाब न देता दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या आणि एखाद्या टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ जाकिटात घालून वाचा. जुन्या जाकिटाच्या अस्तरातही बुरशी बसलेली असते, त्यामुळे तेच परत वापरण्यात अर्थ नाही. संशयास्पद फ्लॉपी वाचून झाली की दर वेळी हेड पुसायचं, यात आळस नको.

इमेज काढायला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह स्वस्त आणि सोपा पडतो, पण तो साध्या ७२० केबी आणि १.४४ एमबी फ्लॉपींपुरताच धरून चाला. १.४४ म्हणजे ८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकचे १८ तुकडे म्हणजे सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट, गुणाकार १४,७४,५६०. इमेजची फाइल नेमकी एवढी भरली नाही तर वाचन अर्धवट झालंय. विंडोज ९५ च्या फ्लॉपी मात्र, पहिली सोडून, डीएमएफ या जास्त डेटा भरणाऱ्या पद्धतीच्या, ट्रॅकमागे २१ सेक्टरच्या, म्हणजे १७,२०,३२० बाइटच्या; त्या बहुतेक यूएसबी ड्राइव्हना झेपत नाहीत. कॉपी-संरक्षण असलेल्या फ्लॉपींवर तर मुद्दाम बिघडवलेले सेक्टर असतात. तिथे ग्रीसवीझल घ्यावं. हा छोटा बोर्ड जुन्या ३४ पिनी ड्राइव्हला जोडतात आणि तो सेक्टर न वाचता थेट चुंबकीय बदलांच्या वेळा नोंदवतो. प्रत्येक ट्रॅकचे निदान तीन फेरे घ्या, ती कच्ची नोंद जपून ठेवा आणि तिच्यातून साधी इमेज बनवा. वाचन दोनदा करा. दोन्ही साध्या इमेजचे शा-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेले अंकी ठसे, जुळले तरच फ्लॉपी कपाटात जाते. सुरू करण्याआधी राइट-प्रोटेक्ट पाहायचं: साडेतीन इंचीत भोक उघडं हवं, सव्वापाच इंचीत खाच झाकलेली हवी. अगदी उलट, आणि इथेच घोळ होतो.

सीडीचं एकच सांगतो. आयएसओ फाइलीत फक्त डेटा येतो. नव्वदीतल्या बऱ्याच गेमचं संगीत त्याच सीडीवर ऑडिओ ट्रॅकच्या रूपात असतं, ते हवं तर बिन (सगळे ट्रॅक) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी काढायची. गेम चालतो पण मुका, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. उलट बाजूही आहे: सेफडिस्क संरक्षणाची अस्सल सीडी विंडोज १० वर चालत नाही, कारण तो ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने काढून टाकला.

मग खोकं कशाला? कारण काही गोष्टी इमेजमध्ये मावत नाहीत. १९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शियात पुढे जायचं तर मॅन्युअलमधून अक्षर शोधून योग्य बाटली प्यावी लागते. काही गेमसोबत एकावर एक दोन कागदी चकत्यांचं कोड-चक्र यायचं, ते फिरवून गेमने विचारलेला कोड शोधायचा. त्याचा एक स्कॅन काही उपयोगाचा नाही. मधलं रिव्हेट न उचकटता, चक्र एकेक घर फिरवत प्रत्येक स्थितीचा फोटो घ्यावा.

खोकं ठेवायला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकू नका: सीडीच्या कडक डब्या पॉलिस्टायरीनच्या असतात आणि नॅफ्थलीनने ते प्लॅस्टिक मऊ पडून चिकटतं. रबरबँडही नको, तो विरघळून पुठ्ठ्यावर डाग सोडतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पावसाळ्यात आतून घाम धरतं, ते चार बोटं पुढे ओढा.

आपल्याकडे सगळ्यात निकडीची खोकी गेमची नाहीतच, मराठी डीटीपीची, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावायच्या सॉफ्टवेअरची, आहेत. विंडोज ९५ च्या प्रती जगभर पडल्या आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं लीप ऑफिस यांच्या जुन्या आवृत्त्यांचं तसं नाही. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक पद्धत येण्याआधी प्रत्येकाचं फाँट-एन्कोडिंग (कोणत्या अक्षराला कोणता आकडा ते) वेगळं होतं, त्यामुळे पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेला जुना अंक तोच फाँट नसेल तर नुसती चिन्हं दाखवतो. आणि अशा पॅकेजना हार्डवेअर लॉक असायचा, म्हणजे संगणकाच्या मागे लावायचा छोटा ठोकळा, ज्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. खोकं विकत घेताना लॉक आहे का हे आधी विचारा. नुसती सीडी अर्धीच वस्तू. जुन्या प्रिंटरच्या जागी, म्हणजे पॅरलल पोर्टवर, लागणारा २५ पिनांचा लॉक यूएसबी-पॅरलल केबलवर सहसा ओळखला जात नाही, कारण ती केबल प्रिंटरपुरतीच असते आणि सॉफ्टवेअर लॉक शोधतं बोर्डावरच्या पोर्टच्या ३७८ (हेक्स) या ठरलेल्या पत्त्यावर. बोर्डावरच पॅरलल पोर्ट असलेला जुना पीसी त्यासाठी राखून ठेवा. लॉकवर आवृत्ती आणि अनुक्रमांक लिहिलेला कागद दोऱ्याने बांधा, चिकटपट्टीने नको. आणि पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडणारी इनडिझाइन या पुढच्या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती सीएस६ आहे. तिचा इन्स्टॉलर त्याच डब्यात ठेवा.