फायली उतरवू नका, इथेच वाचा

माझ्या बीबीएसवर ‘डाउनलोड’ ही सोय मी मुद्दाम ठेवलेली नाही. मजकुराची फाइल असेल तर ती तिथल्या तिथे उघडावी, चार ओळी वाचाव्यात, आवडली तर पुढे जावं, नाहीतर बाहेर पडावं. भाऊजींना हे मान्य नाही. त्यांना प्रत्येक गोष्ट आपल्या फोल्डरमध्ये हवी असते. तिथे ती सुखाने पडून राहते आणि ते ती कधीच वाचत नाहीत.

बीबीएस म्हणजे काय ते नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकाला जोडून घेऊन वाचायचा निरोपांचा फलक. १९७८च्या फेब्रुवारीत शिकागोत बर्फाच्या वादळात अडकलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी पहिला बोर्ड उभा केला. मोडेमने, म्हणजे संगणक फोनच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राने, फोन लावायचा आणि काळ्या पडद्यावर लोकांचे निरोप वाचायचे. पुढे निरोपांच्या जोडीला बोर्डावर लेख, सूचना, पाककृती, गप्पा असा मजकूरही साठायला लागला. त्या कप्प्याला बऱ्याच ठिकाणी जी-फाइल्स म्हणत. ३०० बॉड वेगाच्या मोडेमवर सेकंदाला साधारण ३० अक्षरं यायची, म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळींचा पडदा भरायला मिनिटाहून जास्त. माणूस आरामात बरोबरीने वाचू शकत असे. २४०० वेगाचे मोडेम आले तेव्हा तोच पडदा आठेक सेकंदांत भरू लागला, आणि दर पडद्याला थांबून ‘आणखी?’ विचारायची गरज पडली.

पण तेव्हाची खरी अडचण वेगळी होती. बहुतेक बोर्डांना फोनची एकच लाइन. एक जण निवांत लेख वाचत बसला की बाकीच्यांना एंगेज टोन. म्हणून रोजची वेळ बांधून दिलेली असायची. ज्याला सावकाश वाचायचं त्याने फाइल उतरवून घ्यावी, फोन ठेवावा आणि मग वाचावी. ती शिस्त त्या लाइनमुळे होती. आता माझा बोर्ड राउटरशेजारच्या रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो, आणि लोक इंटरनेटवरून येतात. एकाच वेळी दहा जण वाचत बसले तरी कुणाचं काही अडत नाही. मग जुनी सवय का चालवायची?

बडोद्यात राहून हा प्रश्न पडूच नये खरं तर. सयाजीरावांनी १९१०मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं, आणि वाचकाने कपाटापर्यंत जाऊन पुस्तक स्वतः चाळावं ही पद्धत इथल्या लोकांच्या अंगवळणी पडली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनी आहेत, वरचा उजेड खालच्या मजल्यावरच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. खिडकीतून चिठ्ठी देऊन पुस्तक मागवणारा माणूस फक्त ठाऊक असलेलंच मागवतो. चाळणाऱ्याच्या हाताला भलतंच काही लागतं.

म्हणून माझी सगळी मेहनत यादीवर. आरती२ डॉट टीएक्सटी असली नावं वाचून कुणाला काय कळणार? मी प्रत्येक फायलीला एक ओळ लिहिते, आणि आकार किलोबाइटमध्ये न देता किती पडदे ते देते. ‘कैरीचं लोणचं, आजीच्या वहीतून. मीठ किती ते आहे, तेल किती ते नाही. २ पडदे.’ ‘कुळाची हकिगत, भाग दुसरा. बडोद्याला आधी कोण आलं या वादातली भाऊजींची बाजू. १४ पडदे.’ ही ओळ लिहायला फाइल पुरती वाचावी लागते. सिसॉपने, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याने, एवढं करायलाच हवं, नाहीतर तो नुसता डबे रचणारा.

मराठीने मात्र घाम काढला. जुने बोर्ड आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या अक्षरसंचावर चालत. त्यात चौकटीच्या रेघा भरपूर, देवनागरीचं एकही अक्षर नाही. यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीने ती सोय झाली, पण त्यात ‘क’ तीन बाइटांचा. ओळ ८० बाइटांवर तोडणाऱ्या जुन्या वळणाच्या प्रोग्रॅमला तो मजकूर दिला की २६ अक्षरचिन्हं बसतात आणि सत्ताविसाव्याचे तुकडे होतात. अर्धं या ओळीत, अर्धं पुढच्या, दोन्हीकडे प्रश्नचिन्हाचे चौकोन. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द, त्यात स, त, र, दोन हलन्त आणि एक वेलांटी मिळून १८ बाइट. शिवाय जोडाक्षराला पडद्यावर किती घरं द्यायची याबद्दल दोन टर्मिनलांचं, म्हणजे बोर्ड दाखवणाऱ्या प्रोग्रॅमांचं, एकमत होत नाही. शेवटी मी ओळ फक्त मोकळ्या जागेवरच तोडायची ठरवली, आणि तीही साठाच्या आसपास. उजवीकडे समास जरा जास्त सुटतो. सुटू दे, डोळ्यांना बरं वाटतं.

‘आणखी?’ला उत्तर द्यायला ‘हो’चा ह मागितला तर कीबोर्ड बदलावा लागतो. आमच्या वन्सं तेवढ्यावरूनच उठून जातील. म्हणून स्पेसबारने पुढे, बी दाबला की मागचा पडदा, क्यूने बाहेर. बाहेर पडताना कुठे थांबलात ते लक्षात ठेवलं जातं. चौदा पडद्यांची हकिगत कुणी एका बैठकीत वाचत नाही, भाऊजींसमोरच बसवलं तर गोष्ट वेगळी.

वाचकाकडून फायलीचं नाव टाइप करून घ्यायचं नाही, यावर मी ठाम आहे. यादीतला आकडा घ्यायचा. नाव घेतलं की कुणीतरी दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकून फोल्डरच्या बाहेर डोकावतो, आणि आरत्यांऐवजी पासवर्डची फाइल उघडायला बघतो. लोकांनी पाठवलेल्या मजकुरातली एस्केपची चिन्हंही, म्हणजे पडद्याला हुकूम देणारी न दिसणारी चिन्हं, मी गाळून टाकते. डॉस या जुन्या संगणकप्रणालीच्या काळात असल्या चिन्हांनी कीबोर्डची बटणंच बदलून टाकायचे उद्योग चालत. ‘टाइप’ हुकमाने नुसती फाइल पाहिली तरी पुरे व्हायचं.

बोर्डाला जोडायची जुनी पद्धत म्हणजे टेलनेट. त्याचं नेहमीचं २३ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, उघडं ठेवलं की जगभरचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस ते वाजवतात, आणि टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो. म्हणून आता सगळ्यांना एसएसएचवर आणते आहे; त्यात सगळं कुलूपबंद जातं आणि पासवर्डऐवजी किल्लीची फाइल चालते. वन्संना किल्लीची फाइल कुठे ठेवायची ते फोनवर सांगून झालं. त्या म्हणतात, ‘तूच ये आणि लावून दे, शेवउसळ करते.’ रविवारी जाईन म्हणते.